कर्णबधिरांच्या दुभाष्याचा पगार कोण देणार?

23 सप्टेंबरला आंतरराष्ट्रीय सांकेतिक भाषा दिवस असतो. तो जवळ आला की इंदुरात तोच वाद पुन्हा सुरू होतो. एक बाजू म्हणते, कर्णबधिरांसाठी दुभाषी मिळत नाहीत, तेव्हा अभ्यासक्रमाच्या जागा वाढवा. दुसरी म्हणते, हातात मोबाइल आहे, भाषांतराची ॲप येताहेत, मग माणूस कशाला शोधत बसायचा? दोन्हीकडून तावातावाने बोललं जातं आणि मुख्य प्रश्नाला दोन्हीकडून बगल दिली जाते. दोन वर्षं शिकून बाहेर पडलेल्या दुभाष्याला पगार कोण देणार? रुग्णालय, न्यायालय आणि पोलिस ठाणं यांच्या मंजूर पदांच्या यादीत ‘सांकेतिक भाषा दुभाषी’ ही ओळ जोवर येत नाही, तोवर ही टंचाई हटणार नाही. जागा कितीही वाढवा, ॲप कितीही आणा.

कागदावर आपल्याकडे बरंच काही आहे. 2016च्या दिव्यांगजन अधिकार कायद्याने संवादाच्या व्याख्येत सांकेतिक भाषा धरली आहे. भारताने 2007मध्ये मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारात व्यावसायिक दुभाष्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. दिल्लीत 2015पासून भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. त्याचा शब्दकोश 2018मध्ये 3000 शब्दांचा होता, तो 2021मध्ये 10,000 शब्दांवर गेला. भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेली दुभाषाची दोन वर्षांची पदविका आहे. 2011च्या जनगणनेत श्रवणदोष असलेल्यांची संख्या 50 लाखांच्या वर होती. त्यातले सगळे सांकेतिक भाषा वापरत नाहीत, उतारवयात कान गेलेली माणसंही त्या आकड्यात आहेत. पण हा आकडा कितीही कमी करून धरला, तरी देशभरातले नोंदणीकृत दुभाषी काही शेकड्यांत मोजावे लागतात. मग कायदा आहे, संस्था आहे, पदविका आहे, आणि माणूस मात्र नाही, असं का व्हावं?

कारण पदविका घेतलेल्या तरुणाला बहुतेक ठिकाणी पद मिळत नाही, फक्त ‘बोलावणं’ मिळतं. एखाद्या जबाबासाठी तासभर काम असतं. जाण्यायेण्यात आणि बाहेर बाकावर थांबण्यात अर्धा दिवस जातो, आणि मानधन तासाचं, तेही बिल मंजूर झाल्यावर. रात्री अपघात झाला तर फोन येतो, पण रात्रीचे पैसे कुठल्या खात्यातून द्यायचे हे कुणालाच ठाऊक नसतं. असं काही महिने काढल्यावर तो विशेष शाळेत शिक्षक होतो, नाहीतर एखाद्या कंपनीत जातो. त्यात त्याची काय चूक? घर त्यालाही चालवायचं असतं. जागा दुप्पट केल्या तर असे निराश होऊन बाहेर पडणारेच दुप्पट होतील.

आपल्या शहरांत गल्लोगल्ली टायपिंग आणि शॉर्टहँडचे क्लास निघाले होते. ते कुठल्या सरकारने काढले? कचेऱ्यांनी आणि न्यायालयांनी स्टेनोची, टंकलेखकाची पदं मंजूर केली, परीक्षा लावली आणि वेतनश्रेणी ठरवली. मग क्लास आपोआप उभे राहिले आणि मध्यमवर्गीय घरांतल्या मुलामुलींच्या दोन पिढ्या त्यावर नोकरीला लागल्या. आधी दहा हजार टंकलेखक तयार होऊ द्या, मग पदांचं बघू, असं कुणी म्हटलं असतं तर आजही निकालपत्रं हातानेच लिहिली गेली असती. आणखी मागे गेलो तर मराठेशाहीत पारसनीस होता. दिल्ली आणि हैदराबादशी फारसीत पत्रव्यवहार करायचा, तर त्यासाठी दरबारात पगारी माणूस लागतो, याबद्दल कुणाला शंका नव्हती. समोरून आलेल्या वकिलाला ‘तुझा भाचा घेऊन ये, तो मराठीत सांगेल’ असं कुणी म्हणत नव्हतं. भाषेची गरज राज्याची होती, म्हणून खर्चही राज्याचा होता. कर्णबधिर नागरिक समोर उभा असतो तेव्हाही त्याचं म्हणणं समजून घेण्याची गरज त्याच्याइतकीच डॉक्टरची, न्यायाधीशाची आणि ठाणेदाराची असते. खुणा न समजल्यामुळे चुकीचं औषध दिलं गेलं तर ती चूक कुणाची धरायची?

इंदूरच्या मराठी माणसाला हा मुद्दा दुसऱ्या वाटेनेही कळेल. राज्यघटनेच्या 350व्या अनुच्छेदाप्रमाणे केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत आपलं गाऱ्हाणं सरकारी अधिकाऱ्यापुढे मांडण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. म्हणजे मोती तबेल्यातल्या कलेक्टर कचेरीत तुम्ही मराठीत अर्ज दिला, तर भाषेचं कारण सांगून तो परत करता येत नाही. या अनुच्छेदात आठव्या अनुसूचीची, म्हणजे घटनेतल्या भाषांच्या यादीची, अट नाही. ‘वापरल्या जाणाऱ्या’ एवढंच म्हटलं आहे. भारतीय सांकेतिक भाषा या देशात रोज वापरली जाते. मग दर मंगळवारच्या जनसुनावणीत कर्णबधिर माणसाने आपल्या भाषेत गाऱ्हाणं मांडलं तर ते समजून घेणारा माणूस तिथे बसलेला का नसावा? मराठी शाळा आणि मराठी पाट्या यांसाठी परमुलखात जे झगडले, त्यांनी तरी हा प्रश्न दुसऱ्यांचा समजू नये.

आता विरोधी बाजूचे मुद्दे पाहू. त्यातले काही वजनदार आहेत. पहिला घरच्या माणसाचा. आई, बहीण, भाऊ यांना त्या व्यक्तीच्या घरगुती खुणा माहीत असतात. माणूस घाबरलेला असताना ओळखीचा चेहरा समोर असला की धीर येतो. रात्री दोन वाजता दुभाषी मिळणार नाही, बहीण मात्र शेजारीच असते. हे सगळं खरं आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. ताप आहे का, पोट कुठे दुखतंय, इतकं तातडीने विचारायला घरचं माणूस जरूर घ्यावं. पण वाटणीपत्रावर सही घेताना भाऊच दुभाषी असेल तर? बहिणीला हिस्सा सोडल्याचा कागद समोर आहे, तिला काय सांगितलं गेलं हे फक्त भावाला माहीत, आणि फायदाही त्याचाच. 2016च्या कायद्याचं 13वं कलम सांगतं की आर्थिक किंवा मालमत्तेच्या व्यवहारात हितसंबंध आड येत असतील तर आधार देणाऱ्या व्यक्तीने त्या व्यवहारापुरतं दूर राहावं. केवळ नातं आहे म्हणून हितसंबंध गृहीत धरू नयेत, असंही तेच कलम सांगतं, आणि तेही योग्यच आहे. पण दूर राहायचं तर त्या खुर्चीवर बसायला दुसरा कुणी तरी हवा ना? लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात हा पेच जीवघेणा होतो, कारण आरोपी बऱ्याचदा ओळखीतला असतो. कर्करोगाचं निदान सांगायचं असेल तेव्हा घरची माणसं प्रेमापोटीच अर्धं गिळतात. रुग्ण सही करतो, पण संमती नातेवाइकाची असते.

दुसरा मुद्दा, लिहून दाखवावं. ज्याचं श्रवण मोठेपणी गेलं, जो वाचतो-लिहितो, त्याच्यासाठी कागद-पेन उत्तम. आवाजाचं अक्षरांत रूपांतर करणारं मोबाइलचं तंत्र तर त्याहून उत्तम. जन्मापासून ऐकू न आलेल्या माणसाची गोष्ट निराळी आहे. त्याची सहज भाषा खुणांची आहे, हिंदी किंवा मराठी त्याला दुसरी भाषा म्हणून आणि बहुधा अपुरी शिकवली गेली आहे. ‘उपाशीपोटी या’ या दोन शब्दांचा अर्थ त्याला लागेलच असं नाही. ओठ वाचावेत म्हणावं तर आरशासमोर उभं राहून पाप, बाप, माप हे तीन शब्द आवाज न काढता म्हणून पाहा. ओठ तिन्ही वेळा सारखेच हलतात. क आणि ग तर घशात होतात, ते दिसतच नाहीत.

तिसरा मुद्दा ॲपचा आणि व्हिडिओ कॉलवरच्या दुभाष्याचा. या दोन गोष्टी एकमेकींत मिसळू नयेत. दुसऱ्या शहरात बसलेला खराखुरा दुभाषी पडद्यावर येतो, ही सोय मोलाची आहे. बँकेतली चौकशी, बाह्यरुग्ण विभागातली छोटी भेट, ठाण्यात आल्यावर पहिली विचारपूस यासाठी ती वापरलीच पाहिजे. सप्टेंबर 2023मध्ये कर्णबधिर वकील सारा सनी सर्वोच्च न्यायालयात उभ्या राहिल्या, त्या अशाच ऑनलाइन सुनावणीत दुभाष्याच्या मदतीने. तिथेही दुभाष्याचा चौकोन पडद्यावर ठेवू देण्यासाठी तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांना स्वतः सांगावं लागलं. पण खाटेवर पडलेल्या रुग्णाचं काय? दुभाष्याला त्याच्या डोक्यापासून कमरेपर्यंत आणि दोन्ही हात दिसले पाहिजेत. फोन कुणी तरी हातात धरलेला असतो, तो हलतो, मागे खिडकी असली तर चेहरा काळा पडतो, आणि तळघरातल्या एक्स-रे विभागात नेटवर्क नसतं. सलाइनची सुई उजव्या हातात लावली की उजव्या हाताने खुणा करणारा माणूस जवळजवळ मुका होतो. जागेवर दुभाषी असला तर तो नर्सला आधीच सांगतो की सुई डाव्या हाताला आणि मनगटापासून थोडी वर लावा. शस्त्रक्रियागृहात रुग्णाचा चष्मा काढायच्या आधी पुढचं सगळं सांगून होतं. एमआरआयच्या नळीत रुग्णाला काही दिसणार नाही, म्हणून पायाला एकदा हात लावला की ‘हलू नका’, दोनदा लावला की ‘झालं’, असं बाहेरच ठरवून घेतलं जातं. हे कुठलं ॲप करणार?

नुसत्या ॲपची, म्हणजे खुणा ओळखून बोलणाऱ्या यंत्राची अडचण अधिक खोल आहे. सांकेतिक भाषेचं व्याकरण केवळ बोटांत नसतं. ‘औषध घेतलं’ आणि ‘औषध घेतलं का?’ यात हात तेच राहतात, दुसऱ्या वेळी भुवया वर जातात आणि डोकं किंचित पुढे येतं. नकार मानेत असतो. प्रश्नाचा शब्द वाक्याच्या शेवटी येतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे समोरची मोकळी जागा. बोलणारा एका व्यक्तीला डावीकडे बसवतो, दुसरीला उजवीकडे, आणि मग ‘देणे’, ‘सांगणे’, ‘विचारणे’ यांसारख्या क्रिया एका जागेकडून दुसऱ्या जागेकडे नेतो. पैशाच्या तंट्यात हात डावीकडून उजवीकडे गेला तर पैसे पहिल्याने दुसऱ्याला दिले. उलट गेला तर दुसऱ्याने पहिल्याला. अर्धवट शिकलेला माणूस ‘पैसे’ आणि ‘देणे’ या दोन खुणा बरोबर ओळखतो, पण दिशा सोडून देतो. जबाबात मग देणारा घेणारा होतो, आणि खाली कर्णबधिर माणसाचा अंगठा असतो. शिवाय गावोगावच्या खुणांत फरक आहे. वार, रंग, आकडे यांच्या खुणा शहरागणिक बदलतात. दुभाष्याला इथल्या कर्णबधिरांत बसून ते शिकावं लागतं.

गीताची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. लहानपणी पाकिस्तानात गेलेली ही कर्णबधिर मुलगी 26 ऑक्टोबर 2015ला परतली आणि पुढची वर्षं इंदुरात राहिली. ती कधी रीतसर सांकेतिक भाषा शिकलेली नव्हती. तिच्या खुणांतून रेल्वे स्टेशन, नदी, देऊळ असे धागे जुळवत शोध अखेर मराठवाड्यात, परभणीपर्यंत पोचला. त्यासाठी वर्षानुवर्षं तिच्याशी बोलणारी, तिच्या खुणांची लकब ओळखणारी माणसं लागली. झाबुआ, धार, बडवानीच्या पाड्यांतून येणारी, शाळेचं तोंड न पाहिलेली कितीतरी माणसं याच अवस्थेत असतात, फक्त त्यांची बातमी होत नाही. अशा वेळी ऐकू येणारा दुभाषी एकटा पुरत नाही. सोबत कर्णबधिर दुभाषी लागतो. तो त्या माणसाच्या घरगुती खुणा, हावभाव, चित्रं यांतून अर्थ काढून तो प्रमाण सांकेतिक भाषेत सांगतो, आणि दुसरा तो हिंदीत मांडतो. तुकोगंज पोलिस ठाण्यातल्या कर्णबधिर सहायता केंद्राने हे काम किती मोलाचं आहे ते दाखवून दिलं आहे. पण दोन-चार माणसांच्या चिकाटीवर राज्याची व्यवस्था उभी करता येत नाही.

उरला खर्चाचा आक्षेप, आणि तो प्रामाणिक आहे. प्रत्येक रुग्णालयात, प्रत्येक ठाण्यात पूर्णवेळ दुभाषी नेमला तर तो बहुतेक दिवस रिकामा बसेल. खरंच बसेल. म्हणून संस्थेगणिक नेमणूक नको, जिल्ह्याचा एक कक्ष हवा. इंदूरसाठी सुरुवात आठ जणांनी करता येईल. सहा ऐकणारे आणि दोन कर्णबधिर दुभाषी. जोड्या अशासाठी की सलग भाषांतर करताना वीस-पंचवीस मिनिटांनी मेंदू थकतो, आणि थकव्यात आधी शब्द गळतात आणि मग अर्थ. दोघे आलटून पालटून काम करतात. एक बोलत असताना दुसरा चुका टिपतो. एक जोडी मोठ्या सरकारी रुग्णालयांसाठी, एक न्यायालयासाठी, एक पोलिस आणि प्रशासनासाठी, आणि रात्रीची पाळी सगळ्यांत वाटलेली. सगळ्यांना मासिक वेतन. बाहेरून बोलावलेल्यांना किमान अर्ध्या दिवसाचं मानधन, प्रवासाचा वेळ धरून, आणि ऐनवेळी रद्द झालं तरी ठरलेला वाटा. कर्णबधिर येतातच किती, असं विचारणाऱ्यांनी एवढा विचार करावा की जिथे आपलं कुणाला कळणार नाही हे माहीत आहे, तिथे माणूस कशाला जाईल? फिनलंडने कर्णबधिर व्यक्तीला वर्षाला किमान 180 तास दुभाषी सेवा विनामूल्य देण्याचा कायदा 2010मध्ये केला, बधिरांध व्यक्तीला 360 तास. आपण तेवढे श्रीमंत नाही. पण जिल्ह्यामागे आठ पगार हा आकडा एवढ्या मोठ्या शहराला पेलणार नाही, हे पटत नाही. इंदुराने घरोघरचा कचरा उचलण्यासाठी गाड्या आणि माणसं उभी केली ती अंदाजपत्रकात तरतूद करूनच.

न्यायालयात खर्च वाया जाण्याचं खरं कारण तारीख हे आहे. दुभाषी सकाळी अकराला येतो, प्रकरण पुकारलंच जात नाही, संध्याकाळी पुढची तारीख मिळते. असं दोनदा झालं की पुढच्या वेळी त्याला बोलवायला कचेरी नाखूश असते, आणि मग विशेष शाळेतल्या कुणा शिक्षिकेवर निभावून नेतात. साक्ष कायदा ‘दुभाषी किंवा विशेष शिक्षक’ म्हणतो, त्यामुळे ते चालूनही जातं. पण शिक्षिका मुलांना शिकवायला तयार झालेली असते, उलटतपासणीतला वाकडा प्रश्न जसाच्या तसा पोचवायला नव्हे. तिला दोष देण्यात अर्थ नाही. उपाय साधा आहे. जिल्ह्यातली अशी सगळी प्रकरणं पंधरवड्यातल्या एका ठरलेल्या दिवशी, यादीत सर्वांत वर लावायची. खर्च निम्म्याने उतरेल. 2013च्या दुरुस्तीने बोलू न शकणाऱ्या साक्षीदाराच्या जबाबाचं चित्रीकरण सक्तीचं केलं आणि 2023च्या नव्या साक्ष कायद्यातही ते कायम आहे. ते चित्रीकरण नीट व्हायला हवं. कॅमेऱ्यात साक्षीदार आणि दुभाषी दोघंही डोक्यापासून कमरेपर्यंत दिसले पाहिजेत, नाहीतर भाषांतर बरोबर होतं की चूक, हे वरच्या न्यायालयात दुसरा दुभाषी तपासूच शकणार नाही. नुसता चेहरा टिपलेला, हात कापले गेलेले चित्रीकरण पुराव्याच्या दृष्टीने जवळपास निरुपयोगी असतं.

पदं निघाली की वशिल्याने कुणीही भरलं जाईल, ही भीतीही रास्त आहे. शंभर खुणा पाठ असलेला माणूस अधिकाऱ्याला तज्ज्ञच वाटतो, कारण अधिकाऱ्याला एकही येत नाही. म्हणून पुनर्वास परिषदेची नोंदणी सक्तीची हवी, पहिले सहा महिने अनुभवी दुभाष्यासोबत काम हवं, आणि निवड समितीत निम्मे सदस्य कर्णबधिर हवेत. ही शेवटची अट सोडून चालणार नाही. 1880मध्ये मिलानला कर्णबधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली. शंभरावर प्रतिनिधींत कर्णबधिर एकच होता. खुणा सोडून फक्त तोंडी पद्धतीने शिकवावं असा ठराव झाला, आणि जगभरच्या शाळांत मुलांचे हात बांधले गेले. त्या ठरावाबद्दल खेद व्यक्त व्हायला 2010 साल उजाडलं. आपल्याकडेही शिक्षणावर तोंडी पद्धतीची छाया दीर्घकाळ राहिली, आणि आज सांकेतिक भाषेत अस्खलित शिक्षक कमी का, याची मुळं तिथेच आहेत. आज कॉक्लिअर इम्प्लांटमुळे, म्हणजे शस्त्रक्रियेने कानात बसवलेल्या श्रवणयंत्रामुळे, सगळंच सुटेल असं सांगणाऱ्यांनी हा इतिहास लक्षात घ्यावा. लहान वयात इम्प्लांट झालेल्या मुलांना फायदा होतो, तो होऊ द्यावा. पण आज तीस-चाळीस वर्षांचे असलेले कर्णबधिर उद्या न्यायालयात उभे राहणार आहेत, त्यांना तो उपाय नाही. इम्प्लांट असलेल्यालाही शस्त्रक्रियेच्या टेबलावर बाहेरचं यंत्र काढून ठेवावंच लागतं.

सुरुवात कुठून करायची तर मंगळवारपासून. जनसुनावणीत एक जोडी बसवावी, दारावर सांकेतिक भाषेच्या चिन्हाची पाटी लावावी आणि कर्णबधिरांच्या संघटनांना व्हिडिओ संदेश करून कळवावं, कारण छापील पत्रक त्यांच्यातल्या अनेकांपर्यंत पोचणार नाही. सोबत जिल्ह्याने एक नोंदवही ठेवावी. दुभाष्याची मागणी कुठून आली, कधी आली, तो किती वेळात पोचला, कर्णबधिर दुभाषी लागला का, आणि जिथे मिळाला नाही तिथे काम कुणाकडून करून घेतलं, एवढे पाच रकाने पुरेत. ती दर तीन महिन्यांनी जाहीर करावी. पुढच्या अंदाजपत्रकात आठ पदांची बारा करायची की सहा, हे त्या वहीवरून ठरवता येईल.